पहिली कादंबरी लिहून झाली, आता पुढं काय? (सीमाभागातल्या लिहिणाऱ्यांसाठी धागा)

कौलारू (धागाकर्ती)

माझी पहिली कादंबरी आली तेव्हापासून निरोपांत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतोय, "लिहून झालंय, आता कुणाला देऊ?" प्रत्येकाला निराळं टाइपत बसण्यापेक्षा इथं एकदाच लिहिते. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरची, शाळेत शिकवते, कादंबरी कौलांच्या कारखान्यात राबणाऱ्या माणसांवर आहे. पुस्तकाचं नाव देत नाही, धाग्याची जाहिरात होईल. ज्यांना माहीत आहे त्यांनीही कृपा करून देऊ नये.

आधी न आवडणारं सांगते. छापणं आता अवघड राहिलेलं नाही. पैसे मोजले की महिन्या-दोन महिन्यांत पुस्तक हातात येतं, हार-तुरे होतात, 'तरुण भारत'मध्ये फोटोही येतो. अवघड आहे ते त्याच्या आधीचं आणि नंतरचं. आधी कुणीतरी परक्या माणसानं आपल्या बाडावर जीव तोडून काम करणं, आणि नंतर ते पुस्तक बेळगावजवळची काकती ओलांडून पुढं जाणं. आपल्याकडच्या लिहिणाऱ्यांचं घोडं या दोनच ठिकाणी अडतं. चर्चा मात्र सगळी छपाईची.

शेवटचं वाक्य लिहिलं म्हणजे हस्तलिखित तयार झालं असं नाही. खर्डा बाजूला ठेवा, मधे एखादी सुट्टी जाऊ द्या, मग कागदावर छापून वाचा. मोबाईलवर स्वतःचं सगळंच बरं वाटतं. दोन वाचक हुडका. एक आपल्या भागातला, जो "अशी भट्टी नसते गं बाई" म्हणून तोंडावर सांगेल. दुसरा लांबचा, ज्याला बेळगाव म्हणजे कुंदा एवढंच ठाऊक आहे. घरच्यांना देऊ नका. घरचे एकतर रडतात, नाहीतर प्रत्येक पात्रात स्वतःला हुडकत बसतात.

प्रकाशक निवडताना त्याची अलीकडची यादी बघा. नव्या लेखकाची कादंबरी त्यानं काढलीय का? जो फक्त अनुवाद आणि यशाची सूत्रं विकतो त्याच्याकडं खानापूरची माती पाठवून काय होणार? मग फोन करून किंवा मेल टाकून विचारा, पूर्ण बाड हवं की गोषवारा आणि सुरुवातीची प्रकरणं. प्रत्येकाची रीत वेगळी. सोबतचं पत्र एका पानाचं: गोष्ट कशाची, घडते कुठं, शब्द किती, तुम्ही कोण. आपल्याच कादंबरीला पत्रात 'मैलाचा दगड' म्हणू नका. तो दगड प्रकाशकानं खूप बघितलेला असतो. एकाच वेळी दोघातिघांना पाठवलं असेल तर तसं स्पष्ट लिहा, नंतर तोंड लपवावं लागत नाही.

मग वाट. प्रकाशक बाड परीक्षकाला वाचायला देतो, परीक्षकाचं स्वतःचं काम असतं, महिने जातात. पूर्वी 'साभार परत'चा कागद तरी यायचा. आता बहुतेक ठिकाणी नकार म्हणजे शांतता. तीनचार महिन्यांनी एकदा आठवण करा, नंतर पुढच्या दारात जा.

माझं स्वीकारलं गेलं आणि खरं काम तिथून सुरू झालं. संपादकबाई पुण्याच्या. त्यांनी भट्टी जन्मात बघितलेली नव्हती, आणि तेच फार बरं झालं. समासात प्रश्नच प्रश्न. माती कुठून येते? चिखल मळतो कोण, बाई की बापय? ओलं कौल वाळायला किती ऊन लागतं, अवकाळी पाऊस आला तर मजुरी कापतात का? भट्टी पेटली की रात्री जागतो कोण, आणि तो जेवतो काय? मला हे सगळं इतकं पाठ की ते कागदावर आणायचं असतं हेच सुचत नव्हतं. वाचकांनी ज्या प्रकरणांबद्दल मला फोन केले ती बहुतेक या प्रश्नांच्या उत्तरांतून आली आहेत. उलट जमिनीच्या वाटणीचा पूर्वेतिहास त्यांनी सरळ कापला. आम्ही पुष्कळ भांडलो. त्यातल्या दोन पानांबद्दल माझं म्हणणं आजही कायम आहे.

बोलीचं म्हणाल तर संवाद आमच्या तोंडचे ठेवले, निवेदन प्रमाण मराठीत. कानडी मिसळ तशीच आहे, तळटिपा नाहीत. जिथं बाहेरच्याला वाक्यावरून अर्थ लागेना तिथं मागचंपुढचं वाक्य बदललं.

करार, छपाई, विक्री यांवर माझ्यापेक्षा जाणती माणसं इथं आहेत. त्यांनी लिहावं.

गोवावेस कट्टा

ताई, धागा झकास. पण सरळ विचारतो. वर्षभर वाट बघायची, कुणीतरी आपली पानं कापायची, आणि शेवटी हातात किमतीच्या दहा टक्के मानधन? त्यापेक्षा स्वतः छापावं की हो. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख-क्रमांक) फुकट मिळतो, पुस्तकावर जीएसटी नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर पाचशे माणसं ओळखीची. प्रकाशक पाहिजे कशाला?

चंदगडी

मी पुस्तकं विकतो, तेव्हा माझ्याकडून हिशोब ऐका.

समजा किंमत ३०० रुपये, आवृत्ती ५०० प्रतींची. दहा टक्क्यांनी लेखकाला प्रतीमागे ३० रुपये, सगळ्या खपल्या तर १५ हजार. दिसायला कमी, खरं आहे. आता तुम्ही स्वतः छापलंत. विक्रेता आणि वितरक मिळून ४० टक्क्यांच्या आसपास घेतात, कधी त्याहून जास्त. म्हणजे ३०० मधले १२० गेले. उरलेल्या १८० मधून अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, कागद, छपाई, बांधणी, टपाल. वर उधारी. दुकानदार पुस्तक 'विकलं तर पैसे' या बोलीवर ठेवतो आणि विकलं गेल्यावरही आठवण करून द्यावी लागते. हे मी दुकानदार असून सांगतोय.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची पाचशे माणसं "अभिनंदन" लिहितात. विकत घेणारी त्यातली किती, ते छापल्यावर कळतं.

स्वतः छापू नका असं माझं म्हणणं नाही. स्थानिक इतिहास, गावदेवीची माहिती, कवितासंग्रह यांना ती वाट चालते, कारण घेणारा समोर बसलेला असतो. कादंबरीचा वाचक मात्र कुठं बसलाय ते लेखकाला ठाऊक नसतं. नाशिकच्या किंवा लातूरच्या दुकानात तुमचं पुस्तक कोण ठेवणार? त्या साखळीसाठी प्रकाशक लागतो.

गोवावेस कट्टा

मग पैसे घेऊन छापणारे प्रकाशक? ते तर दोन्ही करतो म्हणतात.

चंदगडी

त्यांना तीन गोष्टी विचारा. संपादन कोण करणार, त्याचं नाव सांगा. पुस्तक कुठल्या दुकानांत असेल, तिथं मी फोन करतो. आणि न खपलेल्या प्रती कुणाच्या? तिन्हींना धड उत्तर मिळालं तर विचार करा. बहुतेकदा पहिल्याच प्रश्नाला "आमची टीम आहे" एवढंच येतं. एका लेखकाच्या घरी माळ्यावर गठ्ठे बघितलेत मी, दोरी न सोडलेले. नावं नकोत.

प्रूफवाले काका

बेळगावात छपाईच्या धंद्यात आयुष्य गेलं. खिळे जुळवण्यापासून ऑफसेटपर्यंत सगळं हाताखालून गेलंय. लेखकांना न सांगितल्या जाणाऱ्या दोन-चार गोष्टी लिहितो.

लिखाण युनिकोडमध्ये करा, म्हणजे मोबाईल-संगणकावर सगळीकडं सारखी उमटणारी अक्षरं. अजून कित्येक ठिकाणी अक्षरजुळणी जुन्या श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये चालते आणि तुमचा युनिकोड मजकूर तिथं रूपांतर करून घेतात. त्या रूपांतरात 'र्‍या' मोडतो, 'ज्ञ' कुठंतरी हरवतो, अनुस्वार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. लेखक म्हणतो मी तर बरोबर लिहिलं होतं. लिहिलं असणार, पण छापलं जातं ते रूपांतर झालेलं. म्हणून रूपांतर झाल्यावरचं पहिलं प्रूफ मूळ प्रतीशी ओळ न् ओळ ताडून बघावं लागतं, नुसतं वाचून भागत नाही. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं डोळे लावायचे. आपल्या बोलीतले संवाद असतील तर आणखी पंचाईत, कारण बाहेरचा मुद्रितशोधक 'करायलेत'चं 'करत आहेत' करून ठेवतो आणि त्याला वाटतं आपण उपकार केले. बोलीतल्या शब्दांची एक यादी करून प्रुफाबरोबर द्या: हे असंच ठेवणे.

दुसरं, पानं. पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यात, म्हणजे एकदम छापून दुमडायच्या मोठ्या कागदात, छापतात. साठ हजार शब्दांची कादंबरी डेमी (कादंबऱ्यांच्या नेहमीच्या) आकारात साधारण २४० पानांची होते, म्हणजे बरोबर पंधरा फर्मे. २४३ झाली की तीन पानांसाठी जादा अर्धा-पाव फर्मा लावा, नाहीतर मांडणीत ओढाताण करा. मनोगत आणि ऋणनिर्देश लांबवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

तिसरं कुणी बोलत नाही. कागदाचं वजन म्हणजे टपालखर्च. २४० पानी डेमी पुस्तक ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागदावर कव्हर धरून पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास बसतं. तेच ८० जीएसएमवर घेतलं की तीनशेच्या वर. टपाल खात्यानं १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू केलंय, शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १००, कर वेगळा. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं लागतं. म्हणजे कागदाची निवड करतानाच तराजू जवळ ठेवा. जाड कागदानं पुस्तक भरदार दिसतं, पण वेष्टणासकट पुढच्या टप्प्यात जातं, आणि घरपोच प्रती पाठवणाऱ्याला ते प्रत्येक प्रतीमागे लागतं. आपल्या पोस्टात आधी एक प्रत नेऊन दाखवा आणि वजन करून घ्या.

कौलारू

काका, हे कागदाचं मला आधी कुणी सांगितलं असतं तर! पुढच्या पुस्तकाला धरून ठेवते.

गोवावेस कट्टा यांच्या आयएसबीएनबद्दल. होय, फुकट आहे. राजा राममोहन राय नॅशनल एजन्सी, दिल्ली, शिक्षण मंत्रालयाखाली. ऑनलाइन अर्ज, स्वतः प्रकाशित करणारा लेखकही करू शकतो. कुणी त्याचे हजारो रुपये मागत असेल तर तो अर्ज भरण्याची मजुरी मागतोय. (कोलकात्याचं राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान वेगळं. ते ग्रंथालयांना पुस्तकखरेदीत मदत करतं. नावामुळं लोक गोंधळतात.)

निपाणीकर

इकडं वाचून बरं वाटलं. एक वेगळाच मुद्दा काढतो.

माझ्या मित्राचं बाड एका प्रकाशकाकडं गेलं होतं. उत्तर आलं, "बेळगाव जिल्ह्यातली कादंबरी आहे, मग सीमाप्रश्न कसा नाही? एखादं प्रकरण घाला, चर्चा होईल." गोष्ट तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या मायलेकींची. त्यात मोर्चा आणायचा कुठून? पोराला कळेना, घालू की नको.

मला तर राग आला. १९४६ साली बेळगावच्याच साहित्य संमेलनात, माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, आणि आजही १ नोव्हेंबरला, सीमाभागातल्या काळ्या दिनाला, आमच्या घरात काय वातावरण असतं ते आम्हाला कुणी शिकवायला नको. पण म्हणून इथल्या प्रत्येक माणसाच्या गोष्टीत ते घुसवायचं? इथं पोरी प्रेमात पडत नाहीत? भावाभावांत बांधावरून डोकी फुटत नाहीत?

मलप्रभाकाठ

+१. माझ्या कादंबरीत कानडी बोलणारी आजी आहे, मराठी घरातली. वाचून एकानं विचारलं, "मग तुझी भूमिका काय?" माझी भूमिका आजी आहे, झालं.

येळ्ळूरचा

निपाणीकर, तुमचं पटतं, पण पूर्ण नाही. आमच्या पिढीनं लाठ्या खाल्ल्यात. नवीन लेखक तो विषय टाळतात तेव्हा आम्हाला वाटतं, की पुण्या-मुंबईत आवडावं म्हणून टाळतात. उलटही असेल. पण २००४ पासून एखादं घर कोर्टाच्या निकालाकडं डोळे लावून बसलंय, पोरांच्या शाळेचं माध्यम बदलतंय, दुकानाची पाटी बदलतेय, आणि गोष्टीत त्याचा वारासुद्धा नाही, हे मला खोटं वाटतं.

कौलारू

दोघांचंही घेते. माझ्या कादंबरीत सीमाप्रश्न एका जागी येतो: कारखान्याची पाटी रंगवायला माणूस येतो आणि मालक-मजूर दोघं मिळून त्याच्यासाठी चहा सांगतात. बास. निपाणीकर, तुमच्या मित्राला सांगा, विकण्यासाठी घातलेलं प्रकरण शिवणीवरून कळतं. वखारीतल्या मायलेकींच्या आयुष्यात ते येत असेल तर आपोआप येईल. प्रकाशकानं सुचवलेला प्रत्येक बदल करायलाच हवा असं नाही. संपादकाचा प्रश्न आणि विक्री विभागाचा सल्ला यांतला फरक ओळखायला शिकावं लागतं. पहिला "हे मला समजलं नाही" म्हणतो, दुसरा "हे खपणार नाही" म्हणतो.

निपाणीकर

हे त्याला वाचायला दिलं. खूश झालाय. आणखी एक, "निपाणीत बसून कोण विचारणार" म्हणणाऱ्यांसाठी. महादेव मोरे निपाणीतच राहिले, पिठाची गिरणी चालवली आणि आयुष्यभर लिहिलं. पुण्याला बिऱ्हाड हलवलं नाही.

गोवावेस कट्टा

तो काळ वेगळा होता हो. तेव्हा मासिकं होती, संपादक पत्रं लिहायचे.

निपाणीकर

मासिकं कमी झाली, दिवाळी अंक आहेत की. एखादं स्वतंत्र उभं राहणारं प्रकरण अंकाला पाठवा. छापून आलं तर प्रकाशकाला लिहायच्या पत्रात एक ओळ वाढते, आणि लेखकाला अनोळखी माणसाचा पहिला फोन येतो. अंकांचं साहित्य उन्हाळ्यानंतर गोळा व्हायला लागतं, दसऱ्याला पाठवून उपयोग नाही.

वकीलबाई

कराराबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. आपल्याकडं अजून "शब्दावर" पुस्तकं निघतात. नको.

हक्क लेखकाचा असतो तो लिहिल्याक्षणी, नोंदणी केली नाही तरी. तो दुसऱ्याला देताना मात्र लेखी आणि सहीचं लागतं, कॉपीराइट अधिनियम १९५७, कलम १९. त्यात कुठले हक्क, किती मुदतीसाठी, कुठल्या प्रदेशासाठी आणि मानधन किती हे लिहिलेलं असावं. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर भारत. आणि प्रकाशकानं घेतलेला हक्क वर्षभरात वापरलाच नाही, तर करारात वेगळं काही ठरलं नसल्यास त्या हक्काचं हस्तांतरण संपतं. बाड घेऊन वर्षानुवर्षं बसणाऱ्यांना ही ओळ अदबीनं दाखवता येते.

छापील आवृत्ती, ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक, अनुवाद, चित्रपट-मालिका हे सगळे वेगवेगळे हक्क आहेत. "सर्व हक्क कायमचे प्रकाशकाकडे" असं एकाच ओळीत असेल तर थांबा. पहिल्या पुस्तकाचा लेखक आनंदात असतो, सही मागतील तिथं करतो. आपल्या भागात तर कानडी अनुवादाचा हक्क स्वतःकडं ठेवणं शहाणपणाचं. शेजारच्या गल्लीत अनुवादक राहतो आणि परवानगी पुण्याहून आणायची, हे कशाला?

मानधन छापील किमतीवर की निव्वळ विक्रीवर, तेही बघा. "दहा टक्के" दोन्हीकडं लिहिलेलं असतं, रक्कम मात्र बरीच वेगळी येते. वर्षातून एकदा विक्रीचा हिशोब देण्याचं कलम असू द्या. न खपलेल्या प्रती रद्दीत घालण्याआधी लेखकाला सवलतीत विचारावं, हेही.

गोवावेस कट्टा

आणि स्वतः छापलं तर ही कटकटच नाही :)

वकीलबाई

तेव्हा वेगळी कटकट. मग तुम्ही कायद्यानं प्रकाशक. १९५४ च्या कायद्याप्रमाणं पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चानं पाठवायची असते. किती जण पाठवतात ते विचारू नका. पण पाठवावी. शंभर वर्षांनी खानापूरच्या कौलांवर कुणी संशोधन केलं तर प्रत तिथंच सापडेल.

मलप्रभाकाठ

अक्का, काका, सगळ्यांना नमस्कार. मी सव्वीस वर्षांची, बैलहोंगलच्या बाजूला नोकरी करते, कादंबरी सगळी मोबाईलवर लिहिलीय. प्रकाशकांकडं जाण्याआधी अनुदानाचं काही आहे का? घरी पैसे मागायचे नाहीत.

कौलारू

आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे, त्यात कादंबरीही येते. जाहिरात साधारण वर्षाच्या सुरुवातीला निघते. बाड तपासलं जातं, निवड झाली की प्रकाशनाला अनुदान. आपल्याकडं रहिवासाच्या कागदांचा विषय निघतो, म्हणून त्या वर्षीची जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाच आणि कागद आधी जमव. महत्त्वाची अट म्हणजे पुस्तक पहिलं हवं. घाईनं पंचवीस कवितांची पुस्तिका काढलीस तर ही वाट बंद होऊ शकते. कित्येकांचं असं होतं.

पुस्तक आल्यावर पुरस्कारांचंही तसंच. महाराष्ट्र शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत 'प्रथम प्रकाशन – कादंबरी' हा वेगळा विभाग आहे, श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा. साहित्य अकादेमीचा युवा पुरस्कार २०११ पासून आहे, पस्तीस वर्षांपर्यंतच्यांना, ५० हजार रुपये. तुला अजून वेळ आहे, म्हणून अर्धवट बाड देऊ नकोस. कोल्हापूरची दक्षिण महाराष्ट्र साहित्य सभाही दरवर्षी पुस्तकांना पुरस्कार देते. मुदती प्रकाशकाच्या भरवशावर सोडू नकोस, वहीत लिहून ठेव.

येळ्ळूरचा

पुरस्कार राहू देत बाजूला, वाचक इथंच आहेत. आपल्या भागात थंडीच्या दिवसांत एकामागून एक ग्रामीण साहित्य संमेलनं भरतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, तिकडं कारदगा. सकाळी ग्रंथदिंडी, मग दिवसभर सत्रं, आणि मांडवात बायकामाणसं, शाळेची पोरं, शिवारातनं आलेली माणसं बसलेली असतात. शहरातल्या प्रकाशन समारंभाला चाळीस खुर्च्या भरताना दमछाक होते. इथं टेबल मांडायला जागा मागा, मिळते. पण पुस्तक तेव्हा हातात हवं. मार्चमध्ये काढलंत तर पुढच्या थंडीपर्यंत ते शिळं झालेलं असतं. प्रकाशकाला आधीच सांगा, आमचा हंगाम डिसेंबर-जानेवारी.

फलक लावायचा असेल तर पालिकेची परवानगी आणि पाट्यांवर ६० टक्के कन्नडचा नियम, दोन्ही आधी विचारून घ्या. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री फलक उतरवायची पाळी येते.

चंदगडी

हंगामाचं बरोबर. आणि ग्रंथालयं विसरू नका. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं आहे, तिथं नवं पुस्तक मागणारे सभासद आहेत. वाङ्मय चर्चा मंडळात चर्चा ठेवता येते का ते विचारा. सीमेपलीकडं आमच्या चंदगड, गडहिंग्लज बाजूला शासनमान्य ग्रंथालयं गावोगाव आहेत. त्यांची खरेदी बरीचशी ग्रंथालय संचालनालयाच्या मान्य यादीवरनं होते, त्या यादीसाठी पुस्तक वेळेत पाठवणं हे प्रकाशकाचं काम. करार करताना विचारा, यादीला पाठवता का? जो "बघू" म्हणतो तो पाठवत नाही.

अभिप्रायार्थ प्रतींबद्दल एक. पन्नास जणांना वाटू नका. दहा जण निवडा, ज्यांनी आधी कुणाच्या तरी पहिल्या पुस्तकावर लिहिलंय. सही करून, सोबत चार ओळींचं पत्र. मग मागे लागू नका.

प्रूफवाले काका

मलप्रभाकाठ, पोरी, मोबाईलवर लिहिलंस म्हणतेस. कशात? नोट्समध्ये तुकडे तुकडे असतील तर आधी एका फाइलीत आण. प्रकरणांचे क्रमांक घाल. इमोजी असतील तर काढ, छपाईत चौकोन येतात.

मलप्रभाकाठ

काका, व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेले मेसेज आहेत. सगळे.

प्रूफवाले काका

अरे देवा.

वकीलबाई

हसू नका, तारीख-वेळ पडलेली असते त्यावर. कुणी चोरलं म्हणालं तर पुरावा आहे. चॅट एक्सपोर्ट करून मेलवर ठेव, आणि मगच साफसफाई कर.

मलप्रभाकाठ

ठेवते. आणि काका, छापील प्रत काढायची तर कुठं येऊ?

प्रूफवाले काका

शनिवारी दुपारनंतर ये, खडेबाजारात. पत्ता निरोपात देतो. पीडीएफ आणू नकोस, वर्डची फाइल आण, युनिकोडमध्ये. एका बाजूला छापू, ओळींत भरपूर जागा सोडून, म्हणजे कौलारूबाईंसारखं कुणी समासात प्रश्न विचारायला बसलं तर जागा उरेल. पैसे कागदाचे तेवढे दे.

कौलारू

पहिली तीन प्रकरणं मला दे. सुट्टी लागली की वाचते. समास मोठा ठेव.